चार्ली पार्करला टेस्टच्या फुटपट्टीने मोजू नका

मार्च २०२५ मध्ये मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर गेले तेव्हापासून आपल्याकडे एक वाद अधूनमधून उफाळून येतोय, जो माणूस देशासाठी टेस्टच खेळला नाही त्याला ग्रेट म्हणायचं का? आणि या वादात कोणीतरी हमखास इंग्लंडच्या चार्ली पार्करचं नाव काढतं, कारण तोही डावखुरा स्पिनर, ग्लॉस्टरशायर काउंटीचा (काउंटी म्हणजे इंग्लंडमधल्या जिल्ह्यांच्या टीम), फर्स्ट क्लास विकेट्स ३,२७८, आजपर्यंतच्या यादीत ऱ्होड्स आणि फ्रीमननंतर तिसरा नंबर, आणि टेस्ट किती तर फक्त एक. मग लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते की एवढ्या विकेट्स घेऊनही सिलेक्टर्सनी एकदाच घेतला म्हणजे काहीतरी कमी असणारच, काउंटीत पाट्या टाकणारे बॅट्समन आणि पावसाने भिजलेली पिच, त्यात काय एवढं. दुसरी पार्टी म्हणते की तो गरीब घरचा, डाव्या विचारांचा, तोंडावर बोलणारा, म्हणून लॉर्ड्सच्या, म्हणजे इंग्लिश क्रिकेट चालवणाऱ्या, साहेबांनी ठरवून त्याचा गळा घोटला. आणि मग दोन्हीकडून तेच तेच, चार चार दिवस.

माझं म्हणणं सरळ आहे. दोन्ही पार्ट्या एकच चूक करतायत, दोघांनीही टेस्ट हीच खरी कमाई आणि काउंटी म्हणजे तिथे पोचायची शिडी असं गृहीत धरलंय, फक्त एक म्हणतो तो शिडी चढू शकला नाही आणि दुसरा म्हणतो त्याला ढकललं. पार्करच्या काळात असं नव्हतंच. दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्लंडमध्ये प्रोफेशनल, म्हणजे पगारी, क्रिकेटरचं काम म्हणजे काउंटी होती, मे ते ऑगस्ट आठवड्यातले सहा दिवस, तीन दिवसांची एक मॅच संपली की ट्रेन पकडून दुसऱ्या गावी, आणि टेस्ट ही त्यात कधीतरी येणारी गोष्ट. त्यामुळे पार्करचं माप काढायचं तर त्या कामावरून काढायला हवं. अन्याय झाला का हा वेगळा प्रश्न आहे, त्याचं उत्तर माझ्या मते 'हो' आहे पण दुसरी पार्टी सांगते तसं नाही.

आधी तो माणूस काय होता ते बघू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांना ३,२७८ या आकड्यापलीकडे काही माहीत नसतं. जन्म १८८२ चा, चेल्टनहॅमजवळच्या प्रेस्टबरी गावातला. ग्लॉस्टरशायरकडून पहिली मॅच १९०३ मध्ये, पण पहिल्या महायुद्धाच्या आधीचा पार्कर हा बऱ्यापैकी मीडियम पेसर होता, टीममध्ये असतो तसा एक. मग युद्ध, चार सीझन गेले, आणि १९१९ मध्ये क्रिकेट पुन्हा सुरू झालं तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. या वयात आज लोक कॉमेंटरीच्या बॉक्समध्ये जाऊन बसतात, हा माणूस मीडियम पेस सोडून स्लो डावखुरी स्पिन टाकायला लागला आणि १९२० पासून १९३५ पर्यंत सलग सोळा सीझन दर वर्षी शंभरच्या वर विकेट्स घेतल्या. शेवटच्या सीझनमध्ये त्याचं वय बावन्न. म्हणजे ज्याला आपण पार्करचं करिअर म्हणतो त्यातला मोठा भाग हा छत्तिशीनंतर, नव्याने शिकलेल्या बोलिंगवर उभा आहे. मला तर क्रिकेटच्या इतिहासात याच्या तोडीचं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही.

आणि विकेट्स नुसत्या घोटून घोटून जमवलेल्या नाहीत. १९२१ मध्ये ब्रिस्टलला सॉमरसेटच्या एका इनिंगच्या दहाच्या दहा. १९२५ मध्ये ग्लॉस्टरला एसेक्सविरुद्ध एका मॅचमध्ये ५६ रन देऊन १७ विकेट्स, त्यातली दुसरी इनिंग १२ रनमध्ये ८. १९२२ मध्ये ब्रिस्टलला त्याची बेनिफिट मॅच होती, म्हणजे काउंटी आपल्या जुन्या प्रोफेशनलला एका मॅचचं उत्पन्न देते ती, म्हातारपणाची पुंजी म्हणा, आणि समोर त्या वर्षीची चॅम्पियन यॉर्कशायर. तिथे ३६ रनमध्ये ९ विकेट्स, आणि त्यात एका टप्प्याला लागोपाठ पाच बॉल स्टंपवर, त्यातला दुसरा नो-बॉल निघाला म्हणून तेवढा वाया. पाच बॉल, पाच वेळा स्टंप, आणि बॅटिंग यॉर्कशायरची. पिच ओली असेल, असेलच, पण ओल्या पिचवर बॉल इतका वळतो की बॅटला आणि स्टंपला दोन्हीला चुकवून जातो, तिथे लाइन धरून ठेवणं हीच कला असते, ज्याने कधी पावसानंतर मॅटिंग काढून मैदानावर बोलिंग टाकलीय त्याला हे सांगायला नको. पुढे स्लिपमध्ये वॉली हॅमंड उभा राहायला लागला आणि मग तर बॅट्समनची दोन्हीकडून कोंडी, बाहेर वळणाऱ्या बॉलला बॅट लावली की हॅमंड, नाही लावली आणि बॉल सरळ आला की स्टंप. हॅमंडने १९२८ च्या सीझनमध्ये ७८ कॅच घेतले, त्यातले बरेचसे पार्करच्या बोलिंगवर.

आता टेस्टचा मुद्दा. पहिली पार्टी म्हणते एकच टेस्ट, पण टेस्ट होत्या किती हे कोणी बघतच नाही. १९२२ मध्ये पार्करच्या २०६ विकेट्स, त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये एकही टेस्ट झाली नाही. १९२५ मध्ये त्याच्या २२२, करिअरमधला सगळ्यात मोठा आकडा, त्या उन्हाळ्यातही इंग्लंडमध्ये टेस्ट शून्य. १९१९, १९२०, १९२३, १९२७, या उन्हाळ्यांमध्येही शून्य. आपण आजच्या कॅलेंडरवरून विचार करतो, जिथे इंग्लंड वर्षाला दहा-बारा टेस्ट खेळतं, आणि मग विचारतो की बाबा एवढा चांगला होतास तर खेळला का नाहीस. कशात खेळणार? १९१९ पासून १९२६ पर्यंत आठ उन्हाळ्यांत घरच्या टेस्ट फक्त पंधरा. टूर असायच्या, हे खरं, आणि १९२२ चा तो सीझन संपल्यावर हिवाळ्यात साउथ आफ्रिकेत पाच टेस्ट झाल्या त्यात पार्कर नव्हता, याचं समर्थन मला तरी सापडत नाही. पण जी फुटपट्टी मुळातच पंधरा इंचांची आहे तिने सोळा सीझनचं काम मोजायचं आणि वर म्हणायचं की माप कमी भरलं, हा कुठला न्याय?

जी एक टेस्ट मिळाली ती बघा. जुलै १९२१, ओल्ड ट्रॅफर्ड, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. इंग्लंड पहिल्या तीन टेस्ट हरून सिरीज घालवून बसलेलं, सिलेक्टर्स इतके गोंधळलेले की पाच टेस्टमध्ये तीस खेळाडू खेळवले. तीस! त्यातला हा एक. पहिला दिवस पावसात गेला, त्यामुळे मॅच उरली दोन दिवसांची, मग कॅप्टन टेनिसनने उशिरा डाव घोषित केला तर ऑस्ट्रेलियाने नियम दाखवला की दोन दिवसांच्या मॅचमध्ये या वेळेला डाव घोषित करता येत नाही, त्यावर अर्धा तास गोंधळ, आणि खेळ परत सुरू झाला तेव्हा त्यांचा कॅप्टन आर्मस्ट्राँगने लागोपाठ दुसरी ओव्हर टाकली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. अशा मॅचमध्ये पार्करने २८ ओव्हर्स टाकल्या, १६ मेडन, ३२ रन, २ विकेट्स. मॅच ड्रॉ झाली. पुढच्या टेस्टला तो बाहेर. या आकड्यांत अपयश कुठे दिसतं ते मला कोणीतरी दाखवा. ओव्हरला सव्वा रनसुद्धा नाही, समोर आर्मस्ट्राँगची ती सगळ्यांना तुडवत निघालेली टीम, आणि आपण म्हणतो 'टेस्ट लेव्हलला चालला नाही'.

मग १९२६ चं लीड्स. पार्करबद्दल लिहिणारा प्रत्येकजण इथे येऊन थांबतो आणि मीही थांबणार आहे, कारण दोन्ही पार्ट्यांना या मॅचमधून आपल्याला हवं ते तेवढंच उचलायचं असतं. ॲशेसची, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सिरीजची, तिसरी टेस्ट. पार्कर निवडलेल्या खेळाडूंमध्ये होता, लीड्सला हजर होता. आधी पाऊस झालेला, पिच मऊ. कॅप्टन आर्थर कार टॉस जिंकला आणि त्याने ऑस्ट्रेलियाला बॅटिंग दिली, म्हणजे पिच बोलरला साथ देणार यावर सगळी मॅच पणाला लावली, आणि त्याच वेळी ओल्या पिचवरचा देशातला सगळ्यात धोकादायक बोलर अकरामधून वगळला. पहिल्या बॉलवर टेटने बार्ड्सलीला काढला. त्याच ओव्हरमध्ये मॅकार्टनीचा कॅच कारनेच सोडला. मग मॅकार्टनीने लंचच्या आधी सेंच्युरी मारली, १५१ काढले, ऑस्ट्रेलिया ४९४, इंग्लंडला फॉलोऑन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पण इथे एक गोष्ट कबूल करायला पाहिजे जी दुसरी पार्टी कधीच सांगत नाही. त्या टीममध्ये डावखुरा स्लो बोलर नव्हता असं नाही. रॉय किल्नर होता, यॉर्कशायरचा, आणि गरज पडली तर वूलीही होताच. दोघंही पार्करपेक्षा कितीतरी चांगले बॅट्समन, वूली तर त्या काळातल्या सर्वोत्तम बॅट्समनपैकी. शिवाय मॅकॉले होता, जो ओल्या पिचवर ऑफब्रेक टाकायचा. म्हणजे कागदावर बघितलं तर तिसरा डावखुरा कशाला हा विचार वेडगळ नव्हता. आणि महिन्याभरात ओव्हलला त्याच सिलेक्टर्सनी अठ्ठेचाळीस वर्षांच्या विल्फ्रेड ऱ्होड्सला परत बोलावलं, त्याने दुसऱ्या इनिंगमध्ये ४४ रनमध्ये ४ काढले, इंग्लंड २८९ रनने जिंकलं आणि ॲशेस परत आल्या. ज्या निवडीने ॲशेस जिंकल्या तिला मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही.

तरीही लीड्सचा निर्णय मला चुकीचा वाटतो आणि तो ऱ्होड्समुळेच जास्त चुकीचा वाटतो. बॅटिंगसाठी किल्नर-वूली हे सगळ्या दिवसांसाठी ठीक, पण तुम्ही जेव्हा टॉस जिंकून समोरच्याला बॅटिंग देता तेव्हा तुम्ही जाहीरच करता की आज मॅच आमचे बोलर जिंकून देणार, मग त्या दिवशी तरी आठव्या-नवव्या नंबरच्या रनांचा हिशोब बाजूला ठेवायला नको? आणि वय म्हणाल तर पार्कर तेव्हा त्रेचाळीसचा, ऱ्होड्स त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा, म्हणजे वयाचं कारण गेलं. बॅटिंग म्हणाल तर ऱ्होड्स सरस, कबूल, ऱ्होड्सने हॉब्जबरोबर टेस्टमध्ये ओपनिंग केलीय. फील्डिंग म्हणाल तर पार्कर साधारणच होता. पण मग सरळ म्हणा ना, की आम्हाला असा बोलर हवाय जो अजून काहीतरी करतो. बोलिंगमध्ये कमी पडला असं म्हणू नका. हे दोन वेगळे आरोप आहेत आणि शंभर वर्षं झाली तरी लोक एकाच्या पुराव्यावर दुसरा सिद्ध करतायत.

आता पिचचा मुद्दा, तो पहिल्या पार्टीचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. तेव्हा पिच झाकायचे नाहीत, पाऊस पडून ऊन आलं की स्पिनरची दिवाळी, त्यामुळे सरासरी १९.४६ दिसते ती आजच्या हिशोबात तशी धरता येणार नाही. शंभर टक्के मान्य. पण पिच काय एकट्या पार्करसाठी ओले व्हायचे? त्याच वर्षांत त्याच मैदानांवर डझनभर स्लो बोलर होते, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडायचा, मग सीझनमध्ये दोनशेचा आकडा पार्करसारखा पाच पाच वेळा कितीजणांनी गाठला? हातावर मोजण्याइतक्यांनी. तुलना करायची तर पार्करची आणि त्याच्याच सीझनमधल्या बाकी बोलरची करा, अलीकडच्या अश्विन-लायनशी करून काय मिळणार? शिवाय टेस्टचे पिचही उघडेच असायचे. ऱ्होड्सच्या ओव्हलच्या स्पेलच्या आधी रात्री पाऊस झालेला, हॉब्ज आणि सटक्लिफ त्या ओल्या पिचवर जे खेळले त्याच्या कथा आजही सांगतात. ऱ्होड्सच्या वेळी पाऊस हा कथेतला रंग आणि पार्करच्या वेळी तोच पाऊस विकेट्सची किंमत कमी करायला, हे कसं काय?

दर्जाचा प्रश्न राहिला, 'मोठ्या बॅट्समनसमोर काय केलं' हा. ऑगस्ट १९३०, ब्रिस्टल. ऑस्ट्रेलियाची टीम इंग्लंडला सिरीज हरवून आलेली, ब्रॅडमन पाच टेस्टमध्ये ९७४ रन करून आलेला. ग्लॉस्टरशायर पहिल्या इनिंगला ७२ मध्ये खलास. ऑस्ट्रेलिया १५७. मग हॅमंडच्या ८९ वर ग्लॉस्टरशायरने २०२ केले, म्हणजे ऑस्ट्रेलियाला जिंकायला हवे फक्त ११८. बिनबाद पन्नाशी ओलांडली तेव्हा मैदानात कोणाला काही आशा राहिली असेल असं वाटत नाही. तिथून सत्तेचाळीस वर्षांच्या पार्करने एका टोकाने सुरुवात केली, ब्रॅडमनला १४ वर बोल्ड काढलं, ५४ रनमध्ये ७ विकेट्स, दुसऱ्या टोकाला टॉम गॉडर्ड. स्कोअर बरोबरीला आला, शेवटची जोडी, रन निघता निघेना, आणि गॉडर्डने हॉर्निब्रूकला पायचीत पकडलं. ऑस्ट्रेलिया ११७, मॅच टाय. टूरच्या शेवटी दमलेली टीम होती हे धरून चला, थोडा भाग वजा करा, तरी ब्रॅडमन हा ब्रॅडमनच आणि तो त्या वर्षीचा ब्रॅडमन. पुढच्या वर्षी १९३१ मध्ये पार्करने १२ जूनपर्यंत १०० विकेट्स पूर्ण केल्या, १८९६ मध्ये जे. टी. हर्नने त्याच तारखेला केल्या होत्या, त्यापेक्षा लवकर आजतागायत कोणी केल्या नाहीत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! आणि ही बोलिंग कुठल्या टीमसाठी, तर जिच्याकडे धड फास्ट बोलर नाही, पैशांची कायम ओढाताण. ती टीम १९३० आणि १९३१ दोन्ही वर्षी चॅम्पियनशिपमध्ये दुसरी आली, १९३० ला तर पहिल्या आलेल्या लँकेशायरपेक्षा जास्त मॅच जिंकून. हे पार्करशिवाय शक्य होतं असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो, कारण माझी सहानुभूती तिकडे आहे आणि म्हणूनच त्यांच्या मांडणीचा जास्त राग येतो. त्यांची सगळी केस एका माणसावर उभी असते, पेलम वॉर्नरवर, जो १९२६ मध्ये सिलेक्टर्सचा अध्यक्ष होता. आणि त्यासाठी लिफ्टचा किस्सा सांगतात, की काही वर्षांनी ब्रिस्टलच्या एका डिनरनंतर लिफ्टमध्ये वॉर्नरसाठी वाट करून द्यायला सांगितलं तेव्हा पार्करने वॉर्नरची कॉलर धरली. हा किस्सा त्याचा टीममेट रेग सिनफील्डने पुढे म्हातारपणी सांगितला, आणि पार्करचा स्वभाव बघता तो खोटा मानायचं कारण नाही. पण त्यातून सिद्ध काय होतं? पार्करला काय वाटत होतं ते सिद्ध होतं. सिलेक्शन कमिटीत १९२६ ला हॉब्ज आणि ऱ्होड्स हे दोन प्रोफेशनलसुद्धा बसले होते. आणि जर फक्त प्रोफेशनल म्हणून पार्करला डावललं असेल तर किल्नर प्रोफेशनल, ऱ्होड्स प्रोफेशनल, पुढे आलेला व्हेरिटी प्रोफेशनल, त्यांना कसं घेतलं? ॲमेचर, म्हणजे बिनपगारी हौशी, होता तो जॅक व्हाइट, सॉमरसेटचा शेतकरी, आणि त्याने १९२८-२९ ला ऑस्ट्रेलियात पाच टेस्टमध्ये २५ विकेट्स घेतल्या, ॲडलेडला एका टेस्टमध्ये १३. त्याला वशिल्याचा कोण म्हणेल? गरीब विरुद्ध साहेब असा सरळ हिशोब मांडला की समोरचा एवढी चार नावं घेतो आणि वाद संपतो, आणि मग जो खरा अन्याय होता तोही त्याच्याबरोबर वाहून जातो.

खरा अन्याय माझ्या मते निवडीत कमी आणि सहनशीलतेत जास्त होता. ॲमेचर म्हणजे हौशी, घरचा पैसा असलेला, आणि प्रोफेशनल म्हणजे पगारी. दोघांची ड्रेसिंग रूम वेगळी, बऱ्याच मैदानांवर आत यायचं गेट वेगळं, स्कोअरकार्डवर नाव छापायची पद्धत वेगळी. १९६२ पर्यंत हे चालू होतं. या व्यवस्थेत पगारी माणसाने उत्तम खेळावं ही अपेक्षा होतीच, पण तोंड उघडू नये ही त्याहून मोठी अपेक्षा होती. सेसिल पार्किनने १९२४ मध्ये पेपरात त्याच्या नावाने कॅप्टन गिलिगनवर टीका छापून येऊ दिली, तो पुन्हा इंग्लंडकडून खेळला नाही. त्याच्या पाठोपाठ लॉर्ड हॉक यॉर्कशायरच्या सभेत म्हणाले की देव करो आणि कुठला प्रोफेशनल इंग्लंडचा कॅप्टन न होवो. आणि सगळ्यात ठळक उदाहरण तर बॉडीलाइन, म्हणजे १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया टूरवर बॅट्समनच्या अंगावर बॉल टाकायचा डाव. प्लॅन ॲमेचर कॅप्टन जार्डिनचा, अंमलबजावणी प्रोफेशनल फास्ट बोलर लारवूडची. टूरनंतर लारवूडला माफी मागायला सांगितलं, त्याने मागितली नाही, त्याची टेस्ट कारकीर्द तिथेच संपली. आणि जार्डिन? तो १९३३ च्या उन्हाळ्यातही कॅप्टन, आणि त्या डिसेंबरमध्ये मुंबईत, जिथे त्याचा जन्म झाला त्याच शहरात, बॉम्बे जिमखान्यावर भारतातल्या पहिल्या टेस्टचा टॉस करायला तोच उभा. पुढे थांबला तो स्वतःच्या निर्णयाने. एकच गुन्हा, असेल तर, आणि दोन माणसांना दोन न्याय. पार्कर या व्यवस्थेत बोलणारा, वाचणारा, डाव्या मतांचा, कॅप्टन चुकला तर कॅप्टनला सांगणारा प्रोफेशनल होता. त्याच्यासमोर एकाच तोडीचा, बरी बॅटिंग करणारा, गप्प राहणारा दुसरा प्रोफेशनल असेल तर निवड कोणाची होणार हे कटकारस्थान न करताही ठरतं. कोणी कोणाच्या कानात काही सांगावं लागत नाही, आणि म्हणून नंतर पुरावाही सापडत नाही.

हे आपल्याला समजायला जड जायला नको, कारण आपल्याकडे पळवणकर बाळू होऊन गेले. तेही डावखुरे स्लो बोलर, १९११ च्या इंग्लंड टूरवर भारताचे सगळ्यात यशस्वी बोलर. पुण्याच्या हिंदू टीमला त्यांची बोलिंग हवी होती, पण चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदूंची कॅप्टन्सी त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही, ती १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलना मिळाली. जात आणि इंग्लंडमधला क्लास या एक गोष्टी नाहीत, अस्पृश्यतेची बरोबरी वेगळ्या गेटशी करणं चूकच आहे, पार्करने जे सोसलं ते बाळूंच्या पासंगालाही पुरणार नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते, की माणसाच्या हातातली विकेट सगळ्यांना हवी असते, त्या हातामागचा माणूस बरोबरीने बसलेला चालत नाही. बाळू टेस्ट खेळले नाहीत, भारताला टेस्ट मिळेपर्यंत त्यांचं वय होऊन गेलं होतं, मग त्यांनाही कमी दर्जाचे म्हणणार का?

आणि समजा पार्करला दहा-बारा टेस्ट मिळाल्या असत्या तर वाद मिटला असता असं ज्यांना वाटतं त्यांनी टिच फ्रीमनकडे बघावं. केंटचा पाच फुटांच्या जेमतेम वरचा लेगस्पिनर, ३,७७६ विकेट्स, १९२८ च्या एका सीझनमध्ये ३०४, जो आकडा त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर कोणी गाठला नाही. त्याला १२ टेस्ट मिळाल्या, ६६ विकेट्स, म्हणजे टेस्टमागे साडेपाच. १९२९ मध्ये साउथ आफ्रिकेविरुद्ध लीड्स आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या दोन टेस्टमध्ये मिळून २२. तरी आजही त्याच्याबद्दल लोक काय म्हणतात? 'काउंटीचा राजा, पण टेस्टमध्ये फेल'. घरच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याला एकदाही खेळवलं नाही आणि मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध सिद्ध केलं नाही असं म्हटलं. म्हणजे टेस्ट नाही दिली तर टेस्ट खेळला नाही म्हणून, दिली तर पुरेशी चांगली टीम नव्हती समोर म्हणून. काउंटीत आयुष्य काढलेल्या माणसाला मोठं म्हणायचंच नाही असं आधी ठरवलेलं असलं की कारणांना काय तोटा?

शिवलकरांच्या बाबतीत हेच चाललंय म्हणून मला एवढं लिहावंसं वाटलं. भारताच्या टीममध्ये तेव्हा डावखुरे स्पिनर बिशनसिंग बेदी होते, बेदी जागतिक दर्जाचे होते, त्यांना बसवून शिवलकरांना घ्या असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मीही नाही म्हटलं असतं. पण १९७२-७३ च्या रणजी फायनलला चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध १६ रनमध्ये ८ आणि १८ रनमध्ये ५, फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट्स १९.६९ च्या सरासरीने, हे काम बेदी असल्यामुळे कमी कसं होतं? मुंबईने वर्षानुवर्षं रणजी जिंकली ती कोणाच्या बोलिंगवर? ग्लॉस्टरशायरच्या लोकांनी सोळा वर्षं शनिवारी पैसे मोजून जे बघितलं ते पार्करचं क्रिकेट होतं, आणि शिवाजी पार्क-वानखेडेच्या लोकांनी जे बघितलं ते शिवलकरांचं, त्या बघणाऱ्यांना कोणी फसवलेलं नव्हतं.

तर इंग्लंडचे डावखुरे स्पिनर मी स्वतः लावायचे म्हटलं तर ऱ्होड्स पहिला, त्यावर वाद नाही. दुसरा व्हेरिटी, कारण १९३४ ला लॉर्ड्सवर एका दिवसात ऑस्ट्रेलियाच्या १४ विकेट्स हे असं काम आहे ज्याला पार्करकडे उत्तर नाही. तिसऱ्या जागेसाठी कॉलिन ब्लाइद, अंडरवूड आणि पार्कर. अंडरवूडच्या २९७ टेस्ट विकेट्स आहेत आणि बहुतेक लोक तिथेच थांबून त्याचं नाव लिहितात. मी पार्करचं लिहितो, ब्रिस्टलची ती दुपार, १९३१ चा जून आणि छत्तिसाव्या वर्षी बदललेली बोलिंग, या तिन्हींसाठी, आणि ज्यांना अंडरवूड लिहायचाय त्यांनी जरूर लिहावा, फक्त कारण देताना 'पार्कर एकच टेस्ट खेळला' हे देऊ नये.